बाहेरच्या एसएसडीवरचं लिनक्स विंडोजमध्येच उघडायचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स कसा आहे

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. एक्स्टर्नल एसएसडीवर टाकलेलं लिनक्स कधी थेट बूट करून वापरायचं, आणि कधी विंडोज चालू असतानाच एका विंडोत व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर म्हणून, उघडायचं, सिस्टिम तीच, फाइली त्याच, सेटिंग तीच, हे काम व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकटात करतं आणि चांगलं करतं. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय आणि ते कारण किरकोळ नाहीये, त्यामुळे हे करून बघणार असाल तर तेवढा भाग तरी नक्की वाचा.

आधी हे स्पष्ट करतो की मी कशाबद्दल बोलतोय, कारण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे व्हर्च्युअल मशीनची फाइल, ती व्हीडीआय वगैरे, नुसती एक्स्टर्नल ड्राइव्हवर ठेवायची. ते सोपं आहे, फक्त ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस पाहिजे. पण त्या फाइलीवरून लॅपटॉप सरळ सरळ बूट होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ड्राइव्हवर खरीखुरी सिस्टिम इन्स्टॉल केलेली, स्वतःचं पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, स्वतःचा बूटलोडर म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, आणि व्हर्च्युअल मशीनला फाइल न देता तो अख्खा ड्राइव्हच हार्ड डिस्क म्हणून द्यायचा. मी या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितोय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये याला रॉ डिस्क म्हणतात.

माझा सेटअप साधा आहे. विंडोज ११ चा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, व्हर्च्युअलबॉक्स ७ च्या मालिकेतला, आणि एक्स्टर्नल एसएसडीवर उबुंटू २४.०४ एलटीएस ही लिनक्सची आवृत्ती. दिवसभर विंडोजमध्ये काम असतं, अकाउंटची सॉफ्टवेअर, प्रिंटर, स्कॅनर सगळं तिकडेच, आणि मधेच लिनक्स लागतं तेव्हा दर वेळी सगळं बंद करून रीस्टार्ट करायचं म्हणजे कामाची लय जाते. उलट रात्री निवांत बसून व्हिडिओचं काम करायचं असलं की तेच लिनक्स पूर्ण ताकदीने, ग्राफिक्स कार्डासकट पाहिजे असतं. या दोन्ही गरजा एकाच इन्स्टॉलेशनमध्ये भागतात हे मला फार मोलाचं वाटतं, कारण दोन वेगवेगळी लिनक्स ठेवली की अपडेट दोनदा, पासवर्ड दोनदा, आणि ती एक फाइल नेमकी दुसऱ्याच सिस्टिममध्ये राहिलेली.

आता व्हर्च्युअलबॉक्सची थोडी कुंडली. हे मूळचं इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं, २००७ साली त्याची ओपन सोर्स आवृत्ती आली, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मुख्य पॅकेज आजही ओपन सोर्स आहे. त्याच्यासोबत एक्स्टेंशन पॅक म्हणून वेगळी फाइल मिळते, तिचं लायसन्स वेगळं आहे, स्वतःच्या वापराला फुकट पण कंपनीत वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो पॅक लागायचा, २०२२ मध्ये ७.० आली तेव्हापासून ते मुख्य पॅकेजमध्येच आलंय. आपल्या या कामाला एक्स्टेंशन पॅकची गरजच नाही, त्यामुळे ऑफिसच्या मशीनवर उगाच तो टाकू नका, मुख्य पॅकेजवर भागतं.

आता मुख्य मुद्दा, जिथे स्टार कापलाय. रॉ डिस्क जोडायची सोय व्हर्च्युअलबॉक्सच्या विंडोत कुठेही बटण म्हणून नाहीये. नवीन मशीन तयार करताना डिस्क निवडायचा जो पडदा येतो तिथे नवी फाइल बनवा, जुनी फाइल निवडा, डिस्कच नको, एवढंच. खरा ड्राइव्ह द्यायचा असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून व्हीबॉक्समॅनेज ही कमांड चालवायला लागते, आणि तिच्यातून एक छोटीशी व्हीएमडीके फाइल तयार होते. ही फाइल म्हणजे डिस्कची कॉपी नव्हे, नुसता पत्ता आहे, आत चार ओळी मजकूर असतो की खरा डेटा अमुक नंबरच्या फिजिकल ड्राइव्हवर आहे. ५०० जीबीचा ड्राइव्ह असो की २ टीबीचा, ही फाइल काही केबींचीच राहते. मग मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये साटा कंट्रोलरला ही फाइल जोडली की झालं.

अडचण त्या पत्त्यात आहे. विंडोज डिस्कना नंबर देतं, फिजिकल ड्राइव्ह ०, १, २ असे, आणि हा नंबर ड्राइव्हचा कायमचा नसतो. आज एसएसडी एकट्याने लावला तर तो १ असेल, उद्या आधी पेन ड्राइव्ह लावला आणि मग एसएसडी लावला तर तो २ होईल आणि १ म्हणजे पेन ड्राइव्ह. ज्यांच्या डेस्कटॉपमध्ये आत दोन-तीन डिस्क आहेत त्यांनी तर विशेष सांभाळा, कारण पत्ता चुकून आतल्या डेटाच्या डिस्ककडे गेला आणि व्हर्च्युअल मशीनने तिथे लिहायला सुरुवात केली तर फोटो, हिशोब, सगळं पणाला लागतं. म्हणून माझी सवय अशी की मशीन चालू करण्याआधी दर वेळी पॉवरशेलमध्ये गेट-डिस्क ही कमांड देऊन नंबर, नाव आणि साइज बघतो, नंबर बदललेला असेल तर जुनी व्हीएमडीके काढून टाकून नवी बनवतो. याला अर्धा मिनिट जातो. पण इतकी महत्त्वाची तपासणी सॉफ्टवेअरने स्वतः करायला हवी, ड्राइव्हचा सीरियल नंबर लक्षात ठेवून तो जुळत नसेल तर मशीन सुरूच होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. इतक्या वर्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसावी हे खटकतं. मूळ मशीनवरच लिनक्स असेल तर हा प्रश्न सुटलेला आहे, तिथे डिस्कला आयडीवरून पक्का पत्ता मिळतो आणि तोच फाइलीत टाकता येतो.

दुसरी पायरी म्हणजे विंडोजला त्या ड्राइव्हपासून लांब ठेवणं. विंडोज आणि व्हर्च्युअल मशीन दोघंही एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहायला लागले तर फाइल सिस्टिम खराब होणारच, आणि विंडोज स्वतःहून माउंट केलेल्या पार्टिशनवर बाहेरून लिहायला अडवतंही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कवर राइट क्लिक करून ऑफलाइन करायचं, किंवा विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमधून. विंडोज मग त्या ड्राइव्हकडे बघतही नाही आणि ही खूण विंडोज लक्षात ठेवतं. मात्र एक लक्षात घ्या, साधा पेन ड्राइव्ह विंडोजला रिमूव्हेबल म्हणून दिसतो आणि रिमूव्हेबल असेल तर ऑफलाइन करता येत नाही. एक्स्टर्नल एसएसडी बहुतेक वेळा फिक्स्ड डिस्क म्हणून दिसतात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. पेन ड्राइव्हवर हे सगळं करू नका असं सांगायचं हे पहिलं कारण, दुसरं पुढे येईल. आणि हो, लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, म्हणून कधीकधी ड्राइव्ह लावल्या लावल्या फॉरमॅट करायचं का असं विचारणारा डबा येतो. घरात दुसरं कोणी लॅपटॉप वापरत असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा की त्याला कधीही हो म्हणायचं नाही.

तिसरं, व्हर्च्युअलबॉक्स दर वेळी रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करूनच उघडायचा. साधा उघडला तर मशीन सुरू होताना अ‍ॅक्सेस डिनाइडची एरर येते. आधीच साधा उघडलेला असेल तर तो पूर्ण बंद करून मग अ‍ॅडमिन म्हणून उघडा, नाहीतर मागे चालू असलेली जुनी प्रोसेस तशीच राहते आणि एरर काही जात नाही. यावरून हेही लक्षात येईल की कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर, जिथे तुमच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसतो, तिथे हा प्रकार चालणार नाही. बीसीए, डिप्लोमाची बरीच मुलं विचारतात की खिशात लिनक्स घेऊन जायचं आणि लॅबच्या पीसीवर विंडोजमध्ये उघडायचं असं जमेल का. स्वतःच्या किंवा मित्राच्या मशीनवर जमेल, लॅबमध्ये परवानगीशिवाय नाही.

इन्स्टॉल कसं करायचं यावर थोडं जास्त लिहितो, कारण व्हर्च्युअलबॉक्सचा इथे झालेला फायदा मला सगळ्यात जास्त आवडला. लिनक्स एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकताना नेहमीची भीती असते की बूटलोडर चुकून लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाईल. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची ही प्रसिद्ध खोड होती, तुम्ही एक्स्टर्नल ड्राइव्ह निवडला तरी तो सापडलेल्या पहिल्या ईएफआय पार्टिशनमध्ये (नव्या पद्धतीच्या मशीनवर बूटलोडर राहतो ती जागा), म्हणजे विंडोजच्याच घरात, बूटलोडर टाकायचा. मग ड्राइव्ह काढला की लॅपटॉप सुरू होताना गोंधळ. त्यापेक्षा लिनक्सचं इन्स्टॉलेशनच व्हर्च्युअल मशीनमधून करा. रॉ डिस्क जोडा, आयएसओ म्हणजे लिनक्सच्या इन्स्टॉलरची फाइल जोडा, सेटिंगमध्ये ईएफआय चालू करा, आणि मशीन सुरू करा. इन्स्टॉलरला दिसतो तो फक्त एसएसडी, आतली डिस्क त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते, त्यामुळे विंडोजला धक्का लागायचा प्रश्नच येत नाही. आणि हे सगळं होताना तुम्ही विंडोजमध्ये तुमचं काम करत बसू शकता. ईएफआयचा टिक मात्र विसरू नका, ते नसेल तर इन्स्टॉलर जुन्या बायोस पद्धतीने बूटलोडर टाकतो आणि मग आजकालचे लॅपटॉप त्या ड्राइव्हवरून बूट होत नाहीत.

यानंतर थेट बूट करताना लॅपटॉपचा बूट मेनू उघडून यूएसबी ड्राइव्ह निवडायचा, बस. उबुंटू बूटलोडरची एक प्रत त्या ठरावीक जागी ठेवतो जिथे कुठलंही यूईएफआय मशीन आपोआप शोधतं, त्यामुळे अनोळखी लॅपटॉपवरही ड्राइव्ह ओळखला जातो. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय, चालू असतानाही उबुंटू चालतो, काही लॅपटॉपवर फक्त मायक्रोसॉफ्टच्या थर्ड पार्टी सर्टिफिकेटला परवानगी देणारं एक सेटिंग बायोसमध्ये चालू करावं लागतं. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि सेटिंग बदललं की विंडोज पुढच्या वेळी ती की मागू शकतं.

आता एकच लिनक्स दोन वेगळ्या हार्डवेअरवर उठतं कसं, हा प्रश्न विंडोजची सवय असलेल्यांना पडतो. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासोबतच, येतात, आणि दर वेळी सुरू होताना समोर जे हार्डवेअर दिसेल त्याप्रमाणे ते लोड होतात. पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, ओळखलं जातं, त्यामुळे डिस्क यूएसबीवर दिसो की व्हर्च्युअल साटावर, सिस्टिमला फरक पडत नाही. उबुंटू आणि डेबियन सुरुवातीची जी छोटी बूट इमेज बनवतात तिच्यात बहुतेक सगळे ड्रायव्हर भरलेले असतात. फेडोरा मात्र ज्या मशीनवर इमेज बनते तेवढ्यापुरतेच ड्रायव्हर घेतं, त्यामुळे फेडोरावाल्यांनी ड्राकटमध्ये (ती इमेज बनवणारा प्रोग्रॅम) होस्ट-ओन्ली बंद करून इमेज पुन्हा बनवावी, नाहीतर एका बाजूने बूट होईल आणि दुसऱ्या बाजूने अडकेल. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर टाकला असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ग्राफिक्स कधीकधी कटकट करतं, शक्य असेल तर लिनक्ससोबत येणाऱ्या ओपन ड्रायव्हरवर राहा. गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअल मशीनच्या आत टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) टाकायला काही हरकत नाही, थेट बूट केल्यावर त्यांच्या सर्व्हिसला कळतं की आपण व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही आणि त्या गप्प बसतात.

वेगाबद्दल. यूएसबी २ च्या पोर्टला लावलं तर हे सगळं विसरा, ४८० मेगाबिटची ती वाट प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबीच्या आसपास थकते. यूएसबी ३ चा ५ गिगाबिटचा पोर्ट असेल तर ४०० एमबीच्या वर मिळतं आणि १० गिगाबिटचा पोर्ट आणि तसाच ड्राइव्ह असेल तर सुमारे १००० एमबीपर्यंत. पण रोजच्या वापरात या मोठ्या आकड्यांपेक्षा बारीक बारीक फाइली वाचायचा-लिहायचा वेग महत्त्वाचा असतो आणि पेन ड्राइव्ह नेमका तिथेच मार खातो, डब्यावर कितीही वेग छापलेला असला तरी. हे पेन ड्राइव्ह टाळायचं दुसरं कारण. एसएसडीवर मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये ब्राउझर, लिब्रेऑफिस, टर्मिनल, कोड एडिटर, सगळं इतकं सहज चालतं की मधेच आपण विंडोजच्या आत आहोत हे लक्षातही राहत नाही. ग्राफिक्स ही कमजोर बाजू आहे, थ्रीडी अ‍ॅक्सेलरेशनचा टिक आहे पण त्यावर व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगची अपेक्षा ठेवू नका, ते थेट बूट करूनच करायचं. रॅमचं म्हणाल तर १६ जीबीत आरामात होतं, ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी मशीनला दिली की विंडोज गुदमरायला लागतं.

एक गोष्ट तपासा, मशीन चालू असताना खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का. दिसत असेल तर त्याचा अर्थ विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, हायपर-व्ही, चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाहीये, त्यामुळे सगळं रेंगाळतं. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय), कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, अशा सोयींमुळे तो चालू असतो. तो बंद करता येतो पण मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची गोष्ट आहे, त्यामुळे बंद करायची की नाही हे विचार करून ठरवा. माझं मत, बँकेचे व्यवहार त्याच विंडोजवर होत असतील तर थोडा कमी वेग चालेल, सुरक्षा राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, हा एक पाळला नाही तर बाकी सगळं व्यर्थ. व्हर्च्युअल मशीन बंद करताना सेव्ह स्टेट कधीही वापरायचं नाही, नेहमी आतून लिनक्स नीट शट डाऊन करायचं. सेव्ह स्टेट केलं की त्या क्षणाची रॅम फाइलीत जपून ठेवली जाते आणि त्या रॅममध्ये डिस्कवर काय आहे याचीही माहिती असते. मग तुम्ही त्याच ड्राइव्हवरून लॅपटॉप थेट बूट केला, दोन फाइली बदलल्या, आणि नंतर विंडोजमध्ये येऊन ती जपलेली अवस्था परत उघडली, की लिनक्सला वाटतं डिस्क पूर्वीसारखीच आहे आणि ते जुन्या नकाशावरून नवीन डेटावर लिहीत सुटतं. फाइल सिस्टिमची वाट लागते. हेच हायबरनेटला लागू, लिनक्समध्ये हायबरनेट बंदच ठेवा. आणि हेच स्नॅपशॉटला, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याला. रॉ डिस्कचा स्नॅपशॉट घेतला की पुढचे बदल ड्राइव्हवर जातच नाहीत, ते विंडोजमधल्या वेगळ्या फाइलीत साठत राहतात, थेट बूट केलं की जुनंच दिसतं. म्हणून व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा प्रकार राइटथ्रू करून ठेवा, म्हणजे ती डिस्क स्नॅपशॉटमधून वगळली जाते.

आपल्याकडे लाईट जाण्याचा विषय टाळता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून चालतं, पण डेस्कटॉपवर हे करणार असाल तर यूपीएस पाहिजेच. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमला जर्नल म्हणजे बदलांची नोंदवही असते, त्यामुळे अचानक बंद झालं तरी बऱ्याचदा सिस्टिम सावरते, पण अर्धवट लिहिलेल्या फाइलीची हमी कोणी देत नाही. केबलचंही तसंच. ढिली केबल, डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा सैल पोर्ट, यांनी ड्राइव्ह क्षणभर सुटला तरी आतलं लिनक्स डिस्क रीड-ओन्ली करून टाकतं आणि मशीन बंद करून चालू करावंच लागतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाचं सेटिंग आहे ते बंद करा, वीज वाचवण्याच्या नादात ते पोर्ट झोपवतं.

घड्याळाचा किस्सा बऱ्याच जणांना छळतो. थेट लिनक्स बूट करून नंतर विंडोजमध्ये आलं की विंडोजची वेळ साडेपाच तास मागे दिसते. बिघाड काही नसतो, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. तुमचाच लॅपटॉप असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्याला प्रमाणवेळ समजायला लावता येतं. ड्राइव्ह वेगवेगळ्या मशीनवर फिरत असेल तर उलट लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगा, मात्र मग व्हर्च्युअलबॉक्सच्या सिस्टिम सेटिंगमधला हार्डवेअर क्लॉक यूटीसीमध्ये ठेवण्याचा टिकही काढा, नाहीतर तोच साडेपाच तासांचा फरक व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही व्यवस्था फार सोयीची आहे. आयबससोबत एमसतराएन (लिनक्समधली भारतीय भाषा टाइप करायची साधनं) टाकलं की मराठीचे इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे कीबोर्ड मिळतात, एकदा बसवले की ड्राइव्हसोबतच फिरतात. फाँट, लिब्रेऑफिसचा मराठी शब्दकोश, ब्राउझरचे बुकमार्क, सगळं जिथे जाल तिथे तयार. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलं की आधी मराठी टाइप कसं करायचं ते शोधण्यात जो वेळ जायचा तो जात नाही. कॉपी-पेस्टसाठी शेअर्ड क्लिपबोर्ड दोन्ही बाजूंनी चालू केला की व्हर्च्युअल मशीनमध्ये लिहिलेला देवनागरी मजकूर विंडोजमधल्या ईमेलमध्ये जसाच्या तसा उतरतो, युनिकोड असल्यामुळे मोडतोड होत नाही.

बाकीचे पर्याय काय आहेत तेही बघू. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो मे २०२४ पासून घरगुती वापराला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सगळ्यांनाच फुकट झालंय, कंपनी ब्रॉडकॉमकडे गेल्यानंतर. फिजिकल डिस्क जोडायचा पर्याय तिथे मशीन बनवायच्या विझार्डमध्येच आहे, कमांड लिहायची गरज नाही, आणि ग्राफिक्सही व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा बरं चालतं. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमचं खातं उघडावं लागतं, आणि सोर्स कोड खुला नाही. डिस्कच्या नंबरची काळजी तिथेही घ्यावीच लागते. कमांडची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी खुशाल व्हीएमवेअर घ्यावं. हायपर-व्हीमध्ये ऑफलाइन केलेली फिजिकल डिस्क जोडता येते आणि ते विंडोजसोबतच येतं, पण फक्त प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपवर होम आवृत्ती असते, त्यामुळे तो रस्ता तिथेच संपतो. आणि ज्यांचं मुख्य मशीनच लिनक्स आहे त्यांनी व्हर्च्युअलबॉक्सच्या मागे लागू नये, व्हर्च्युअल मशीनची सोय, केव्हीएम, कर्नलमध्येच आहे, व्हर्ट-मॅनेजर या तिच्या विंडोतून ड्राइव्हचा आयडीवाला पत्ता द्या, फर्मवेअर यूईएफआय निवडा, डिस्कला व्हर्टआयओ हा वेगवान ड्रायव्हर लावा. वेगही जास्त आणि तो नंबर बदलण्याचा धोकाही नाही.

एक्स्टर्नल ड्राइव्हवर लिनक्सऐवजी विंडोज टाकून हेच करायचं असेल तर मी सांगेन नका करू. ड्राइव्हवरून विंडोज चालवायची सोय, विंडोज टू गो, मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ सोबत आणली होती पण २०२० साली आलेल्या विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत काढून टाकली. रुफस या फुकट प्रोग्रॅममधून आजही तसा ड्राइव्ह बनतो, पण खरं मशीन आणि व्हर्च्युअल मशीन यात हार्डवेअर बदललं की अ‍ॅक्टिव्हेशनची कटकट मागे लागते. आणि एम सिरीजच्या मॅकवाल्यांनो, इंटेलच्या पीसीसाठी टाकलेला ड्राइव्ह तुमच्याकडे या पद्धतीने उठणार नाही, प्रोसेसरची जातच वेगळी आहे, तिथे एआरएमची लिनक्सच टाकावी लागते.

ड्राइव्ह घेताना एवढं बघा की यूएएसपी (यूएसबीवरून डिस्क वेगाने चालवायची पद्धत) चालतं का, आणि वेगळं एन्क्लोजर म्हणजे रिकामी केस घेऊन त्यात एसएसडी बसवणार असाल तर ते एन्क्लोजर डिस्कचा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा सगळ्यात छोटा कप्पा, ५१२ बाइटचा दाखवतंय ना. काही एन्क्लोजर आणि डॉक सेक्टर ४०९६ बाइटचा दाखवतात, आणि मग एका बाजूने केलेली पार्टिशन दुसऱ्या बाजूला दिसतच नाहीत. साइज म्हणाल तर २५० जीबीतही भागेल, पण ५०० घेतलात तर शेवटी एक एक्सफॅटचं पार्टिशन काढता येतं, जे विंडोजलाही वाचता येईल, अर्थात डिस्क ऑनलाइन करून आणि व्हर्च्युअल मशीन बंद असतानाच. आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कारण ड्राइव्ह छोटा आहे, खिशात मावतो, आणि रिक्षात विसरायलाही तितकाच सोपा आहे. इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय निवडा, व्हर्च्युअल मशीन असो की थेट बूट, दोन्हीकडे पासवर्ड विचारतं आणि हरवला तरी आतलं कोणाला वाचता येत नाही.